उसने वासे

"साहेब, कुणी मुकं केलं हो तुमचं छत?"
शिडीच्या वरच्या पायरीवरून दगू सुतार विचारतो
आणि पटाशी घालतो पिवळ्या फोममध्ये.
मी खाली शिडी धरून.
उत्तर मीच.

तीन उन्हाळ्यांपूर्वी
कौलं अशी तापायची की वाटीतलं ताक कोमट व्हायचं.
शालन डोक्याला ओला पंचा बांधून
न्हाणीघराच्या फरशीवर आडवी व्हायची.
तेव्हा पिंपळगावचा सोपान बोरस्ते भेटला,
द्राक्षांच्या शीतगृहांना आतून फोम मारणारा.
म्हणाला, "काका, निर्यातीचा माल टिकतो यात,
तुम्ही तर दोनच माणसं."

दिवसभर पंप घरघरला.
दोन नळ्यांतून दोन रसायनं, तोंडाशी एक व्हायची,
आणि तव्यावर भाकरी फुगावी तसं
वाशावाशांमध्ये काहीतरी फुगत जायचं.
संध्याकाळी कौल दिसेना, रीप दिसेना, आढं बुडालं.
त्या मे महिन्यात शालन भर दुपारी घोरली.
त्या घोरण्याचे पैसे मी मोजले,
आणि मला ते जास्त वाटले नाहीत.
हे आधी सांगायला हवं.

मग कधीतरी एक कौल तडकलं असणार.
गळलं असतं तर खाली पातेलं ठेवलं असतं.
फोमनं पाणी ठेवीसारखं पोटात ठेवलं
आणि वाशांना व्याजासकट दिलं.
संक्रांतीनंतर मी एका वाशाला बोट लावलं,
बोट आत गेलं.

आता दगू लादी लादी सोलतो.
फोम एकटा निघत नाही,
लाकडाची साल घेऊन येतो.
दगूच्या नाकातोंडाला बायकोची जुनी ओढणी,
भुवया पिवळ्या.
मी मोजतो : सहावा बरा, सातवा गेला, आठवा बरा...
शालन दारातून म्हणते,
"खाल्ल्या घरचे वासे मोजताय."

दुपारी एक लादी माझ्या पायाशी पडली.
तिच्या पाठीवर डांबराची अक्षरं, उलटी.
चौतीस वर्षं मी प्रेसमध्ये प्लेटा तपासल्या,
उलटं मला सुलट्याआधी वाचता येतं :
भोरांचे वासे दोन. उसने. परत देणे.
अक्षर वडिलांचं,
गाठ मारल्यासारखा तो 'उ'.
वर वाशावर आता काही नाही. कोरं लाकूड.

दिले होते का परत?
कोणते दोन?
कुजलेल्या तिघांत ते आहेत का?
वडील गेले ते दूधवाल्याचे सव्वा रुपयेसुद्धा वहीत लिहून,
वाशांबद्दल चकार शब्द नाही.

भगूर रस्त्याला भोरांचा नातू टायरचं दुकान चालवतो.
मी गेलो, सांगितलं.
तो टबात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधत होता.
"बघा काका, भोक कुठंय ते पाणी लगेच सांगतं."
मग म्हणाला, "वासे घेऊन मी लावू कुठं?
माझी स्लॅब आहे."
मी वळलो तसा मागून :
"सागाचे होते का?"

अंगणात फोमची एकवीस पोती.
एका हातात दोन उचलता येतात
आणि ठेवायला कुठंच जागा नाही.
घंटागाडीवाला हात लावत नाही,
जाळायचं म्हटलं तर गल्ली जमेल,
पुरलं तर माझ्यानंतरही तसंच राहील.
अक्षरांची लादी तेवढी कपाटावर ठेवलीय.
शालन म्हणते, विंचू होतील त्यात.

नवे वासे पाच आणले.
लागणार होते तीन.
दगूनं माझ्याकडे पाहिलं, पेन्सिल कानावर ठेवली,
काही विचारलं नाही.

आज सकाळी देवळालीच्या तोफांचा सराव सुरू झाला.
पहिल्याच बाराला आढ्यावरून
चिमूटभर माती शालनच्या चहात.
तीन वर्षांनी.
तिनं वर बघितलं,
कपावर बशी झाकली.

मार्च संपत आलाय.
न्हाणीघराची फरशी
तिनं कालच घासून ठेवली.